पॅराक्वाट रॅडिकलचा ऑक्सिजनशी वेग कसा मोजावा

तणनाशक पॅराक्वाटला एक इलेक्ट्रॉन मिळाला की निळं रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला कण) बनतं. ऑक्सिजन ते लगेच संपवतो आणि सुपरऑक्साइड, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन, तयार होतं. पानाचा घात तिथूनच सुरू होतो. हा वेग पल्स रेडिओलिसिसने मोजतात: इलेक्ट्रॉनांचा क्षणिक झोत (पल्स) द्रावणावर सोडून रॅडिकल बनवायचं आणि ते किती वेगाने संपतं ते प्रकाशाने पाहायचं. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात त्यासाठी ७ एमईव्ही ऊर्जेचा लिनॅक (इलेक्ट्रॉनांना वेग देणारं यंत्र) आहे.

द्रावणात पॅराक्वाट १ मिलिमोलर, सोडियम फॉर्मेट ०.१ मोलर, पीएच ७. पल्सने पाण्यात बनलेले कण फॉर्मेट आणि नायट्रस ऑक्साइडमुळे पॅराक्वाटला इलेक्ट्रॉन देणारे होतात. हातमोजे घालूनच वजन करा. या विषावर उतारा नाही. अर्ध्या द्रावणातून नायट्रस ऑक्साइड सोडा, उरलेलं हवेने संपृक्त करा. काचेच्या सिरिंजमध्ये पहिल्याचे ९ भाग आणि दुसऱ्याचा १ भाग मिसळला की ऑक्सिजन साधारण २५ मायक्रोमोलर होतो.

खरी गफलत इथेच होते. रबरी नळीतून हवा झिरपते. शिवाय २५ अंशांना हवेने संपृक्त पाण्यात ऑक्सिजन सुमारे ०.२६ मिलिमोलर असतो, ३० अंशांना ०.२४, मुंबईच्या उकाड्यात वॉटर बाथ हवाच.

पल्स २ ग्रेच्या (ग्रे हे शोषलेल्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) आसपास ठेवा, म्हणजे रॅडिकल मायक्रोमोलरभरच बनेल. जास्त झालं तर ते सुपरऑक्साइडशीही भिडतं आणि आलेख साधा घातांकी राहत नाही. प्रत्येक पल्सला ताजं द्रावण घ्या, कारण आधीच्या पल्सने ऑक्सिजन खर्च झालेला असतो.

६०५ नॅनोमीटरवर रॅडिकलचं प्रकाशशोषण पाहा. वरच्या प्रमाणात ते ३५ मायक्रोसेकंदांच्या आसपास निम्मं होतं. तीन-चार वेगवेगळ्या प्रमाणांनी मोजून वेग विरुद्ध ऑक्सिजन असा आलेख काढा. उतार सुमारे ८×१०⁸ प्रति मोलर प्रति सेकंद यायला हवा. रेषा शून्याच्या बरीच वर अक्षाला छेदत असेल, तर गळती शोधा.