पाहुण्यांना कोल्हापूर दाखवायचंय? आधी मोजे भरा

सुती मोजे. माणशी दोन जोड, गडद रंगाचे. बाकीची यादी नंतर वाचा, आधी उठून हे पिशवीत टाका. मागच्या खेपेला बाटल्या, टोप्या, चार्जर, सुकी भेळ सगळं होतं आणि नेमके हेच नव्हते. एप्रिलची दुपार, सोबत दोन म्हातारी माणसं आणि एक लहान पोर. पुढचं सांगायला नको.

कारण असं. अंबाबाईच्या देवळाला चारी बाजूंनी दरवाजे आहेत. तुम्ही पश्चिमेच्या महाद्वारातून आत जाता, चपला तिकडेच काढता, आणि दर्शन झालं की गर्दीच्या ओघात घाटी दरवाजानं नाहीतर पूर्वेकडून बाहेर पडता. चपला राहिल्या पार पलीकडे. आता एकतर आवारातली दगडी फरशी पुन्हा तुडवायची, नाहीतर बाहेरून डांबरी रस्त्यानं वळसा मारायचा. फरशी सकाळी गार असते, अकरानंतर तिचा तवा होतो, आणि ऊन कललं तरी दगड बराच वेळ तापलेलाच राहतो. नायलॉनचे मोजे घेऊ नका. गुळगुळीत दगडावर घसरतात, वर तापतातही. जाडसर सुतीच हवेत. रांगेत कुणी काढायला सांगितलं तर वाद न घालता काढून खिशात घालायचे. हो, खिशात. गाडीत ठेवलेले मोजे असून नसल्यासारखे.

चपला कुठल्या दरवाजाला काढल्या ते प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजे. टोकन एकाकडेच द्या, आणि जो वाट चुकत नाही त्याच्याकडे. कपडे अंगभर, हे वेगळं सांगायला नको. शक्यतो सकाळी सातच्या आत पोचा. मंगळवार, शुक्रवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. नवरात्रात फक्त दर्शनासाठी या, शहर बघायला नको. दर्शन झालं की लगेच पळू नका. बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघायला वीस मिनिटं ठेवा. बहुतेक पाहुणे रांगेत दोन तास काढतात आणि त्या भिंतींकडे मान वळवून बघतही नाहीत.

किरणोत्सवासाठी यायचं असेल तर ९, १०, ११ नोव्हेंबर किंवा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात शिरतं, पहिल्या दिवशी पायांवर, मग छातीवर, मग मुखावर. निदान ठरलेलं तसं आहे. ढग, धुरळा किंवा वाटेतलं एखादं बांधकाम आडवं आलं की किरणं अलीकडेच विरतात. म्हणून पाहुण्यांना एका दिवसाचं वचन देऊ नका, दोन संध्याकाळी हाताशी ठेवा.

गाडी देवळाच्या बोळात घालू नका. बिंदू चौकात लावा आणि चालत जा, किंवा सरळ रिक्षा करा. भवानी मंडप आणि खासबागचं कुस्ती मैदान एका चालण्यात होतात. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं खासबाग १९१२ चं. बशीसारखी उतरती बैठक, त्यामुळे कुठंही बसलं तरी आखाडा दिसतो. कुस्ती नसताना मैदान रिकामं असतं, हे आधीच सांगून टाका, नाहीतर तोंडं पडतात. लगतचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं, तेव्हा जुने फोटो बघून बेत आखू नका. टाऊन हॉलचं संग्रहालय सरकारी आहे, सोमवारी बंद. न्यू पॅलेसचा सुट्टीचा वारही निघण्याआधी विचारून घ्या. तो १८८४ मध्ये पुरा झाला, मेजर मँटचा आराखडा, काळा दगड आणि मधोमध घड्याळाचा मनोरा. आत फोटो काढू देत नाहीत. दीड तास धरा, दुपारी धरा. डोक्यावर छप्पर असलेली जागा उन्हात आणि उघडी जागा सकाळ-संध्याकाळी, एवढं पाळलं तरी निम्मा दिवस वाचतो.

दुसरा दिवस जोतिबा आणि पन्हाळा. दोन्ही शहरापासून वीसेक किलोमीटरच्या आत-बाहेर, पण क्रम महत्त्वाचा. आधी जोतिबा, तोही उजाडता, कारण पुन्हा दगडी आवार, पुन्हा अनवाणी, पुन्हा मोजे. रविवार जोतिबाचा वार, त्या दिवशी गर्दी ठरलेली. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेला तर नवख्यांना नेऊच नका. गुलाल इथं वर्षभर असतो. पायऱ्यांच्या खाचांत, फरशीच्या सांध्यांत, सगळीकडे. गडद मोजे का म्हटलं ते इथं कळेल. पांढरे कपडे नकोत, गाडीच्या सीटवर जुनी चादर टाका, कॅमेरा पिशवीत झाकून न्या. दुसरा जोड इथंच लागतो, कारण पहिला गुलालानं आणि नारळाच्या पाण्यानं चिकट झालेला असतो.

मग पन्हाळा. इथं बूट चालतात, देवाचे आभार. नाक्यावर पावती फाडावी लागते, सुटे ठेवा. तीन दरवाजा हे गडाचं प्रवेशद्वार आणि अंधारबाव ही विहीर जवळजवळ आहेत, ते एका दमात करा. अंधारबावेत खाली खरंच अंधार आहे आणि पायऱ्या निसरड्या, तेव्हा विजेरी न्या. मोबाईलचा दिवा हातात धरला की कठड्याला धरायला हात उरत नाही. मग अंबरखान्याची धान्यकोठारं, शेवटी सज्जाकोठी, तिथून खालचा मुलूख दिसतो. पाहुणे हमखास विचारतात, पावनखिंड कुठाय? ती गडावर नाही. १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटून विशाळगडाकडे गेले, खिंड त्या वाटेवर आहे, त्यासाठी वेगळा दिवस लागतो. २०२५ मध्ये गड जागतिक वारशाच्या यादीत आला, त्यामुळे शनिवार-रविवारी घाटात रांगा धरूनच चाला. खायला झुणका-भाकर, दही, खर्डा. पावसाळ्यात छत्री उलटी होते, रेनकोटच घ्या. धुकं असलं तर सज्जाकोठीवरून काहीही दिसत नाही, तेव्हा रागावू नका.

पावसाळ्यात येणाऱ्यांनी निघण्याआधी एकच आकडा बघायचा, राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा नदीची पातळी. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. इशारा ओलांडला की नृसिंहवाडी आणि खिद्रापूर यादीतून काढा, रस्ते पाण्याखाली जातात. पाणी उतरू द्या.

पाणी नसताना खिद्रापूर मात्र चुकवू नका. साठेक किलोमीटर आहे, अर्धा दिवस जातो. तिथल्या कोपेश्वराच्या देवळात स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं ठेवलेलं आहे आणि भोवती ४८ खांब. ऊन वर आल्यावर त्या गोलातून उजेडाचा चकता आत उतरतो, म्हणून दुपारीच जायचं. आणि दुपारी गेलं की पायाखाली तापलेला दगड. सांगा बरं, काय लागणार? गावात जेवणाची सोय धरू नका, नृसिंहवाडीला उरकून घ्या. बासुंदी आणि कवठाची बर्फी तिथंच.

खाण्याचं थोडक्यात. मिसळ सकाळी, तांबडा-पांढरा रस्सा दुपारी, रात्री दूध कट्टा, गंगावेशीत किंवा मिरजकर तिकटीला. म्हैस समोर पिळतात, दूध न उकळलेलं असतं, लहान पोरांना आणि नाजूक पोटांना नको. रंकाळा तलाव मावळतीला, भेळ तिथंच.

चपला चप्पल लाईनला, शेवटच्या दिवशी. कातडं वापरात सैल होतं, म्हणून पायाला घट्टच बसणारी घ्या. शिवण चामड्याच्या वादीची आहे ना ते उलटी करून बघा. नव्या चपला घालून फिरायला निघू नका, चावतात. रात्रभर तेल लावून ठेवा. गूळ, गळ्यातला कोल्हापुरी साज, मसाला, ज्याला जे हवं ते. परतीचं तिकीट आधीच काढलेलं असेलच.

आणि गुलालाचे मोजे पांढऱ्या कपड्यांत धुवायला टाकू नका.