क्रॉस स्टिच शिकताय? या चुका टाळा

क्रॉस स्टिचचा टाका दहा मिनिटांत येतो. चौकोनी घराच्या एका कोपऱ्यातून सुई वर काढायची, समोरच्या तिरक्या कोपऱ्यात खाली न्यायची, उरलेल्या दोन कोपऱ्यांतून पुन्हा तेच. झाली फुली. ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या सोसायटीत मी सुट्टीत भरतकाम शिकवते, तिथे फुली जमली नाही म्हणून कुणी अडलेलं फारसं दिसत नाही. काम बिघडतं ते कापड घेताना, घरं मोजताना आणि शेवटी धुताना. या तिन्ही वेळा सांभाळल्या तर पहिला नमुनासुद्धा भिंतीवर लावण्यासारखा होतो.

पहिली चूक नमुना निवडण्यातली. नेटवर चाळीस रंगांचा सुंदर गणपती दिसतो आणि सुरुवात तिथूनच करावीशी वाटते. कृपा करून करू नका. पहिला नमुना पाच-सहा रंगांचा, तळव्याएवढा आणि पूर्ण फुल्यांचाच घ्या. चार्टवर, म्हणजे नमुन्याच्या चौकटी आखलेल्या कागदावर, अर्ध्या किंवा पाव घरात खुणा दिसल्या तर तो पुढच्या वेळेसाठी ठेवा.

कापड

आपल्याकडे दुकानात ‘क्रॉस स्टिचचं कापड’ म्हटलं की बहुतेक वेळा मॅटी पुढे येते. मॅटी वाईट नाही, आपल्या आज्या-मावश्यांनी टेबलक्लॉथ त्यावरच भरले. पण नवशिक्याला आयडा नावाचं कापड सोपं जातं, कारण त्याच्या प्रत्येक घराच्या कोपऱ्याला स्पष्ट भोक असतं आणि सुई आपोआप तिथेच जाते. मॅटीच घेणार असाल तर जांभळी नाक्याच्या बाजारात जाताना पर्समध्ये छोटी पट्टी ठेवा. एका इंचात उभी किती घरं आणि आडवी किती, हे दुकानातच मोजून बघा. दोन्ही आकडे सारखे नसतील तर तुमचा गोल चंद्र अंड्यासारखा लांबट होणार, मग हात कितीही सफाईदार असो.

आयडावरचा आकडा म्हणजे एका इंचातली घरं. 11, 14, 16, 18 असे प्रकार मिळतात, सुरुवातीला 14 उत्तम. आता हिशोब. नमुना 70 घरं रुंद आणि 98 घरं उंच असेल, तर 14च्या कापडावर तो 5 बाय 7 इंचांचा होईल. त्यात चारही बाजूंना तीन-तीन इंच मिळवा, म्हणजे कापड 11 बाय 13 इंच हवं. हे तीन इंच वाचवायला जाऊ नका. रिंग (कापड ताणून धरणारं गोल कडं) धरायला आणि फ्रेमच्या मागे दुमडायला तीच जागा लागते, आणि ती नसेल तर पूर्ण झालेलं काम फ्रेमच करता येत नाही. कापल्यावर लगेच कडा मोठ्या टाक्यांनी बांधून घ्या, नाहीतर दोरे सुटत सुटत नमुन्यापर्यंत येतात. चिकटपट्टी नको, तिचा गोंद कापडात राहतो आणि पुढे पिवळा पडतो.

दोरा आणि सुई

चार्टवर डीएमसी या कंपनीच्या दोऱ्यांचे नंबर आणि दुकानात अँकर कंपनीच्या लड्या, हा घोळ नेहमीचा. दोन्ही कंपन्यांचे नंबर वेगळे आहेत. डीएमसीचा 310 म्हणजे काळा, अँकरमध्ये तोच काळा 403 आहे. अँकरचा 310 मागितलात तर तपकिरी लडी हातात येईल. निघण्यापूर्वी नंबरांचा तक्ता बघून अँकरची यादी तयार करा. पार्श्वभूमीचा रंग लागेल तेवढा एकदमच घ्या, कारण नंबर तोच असला तरी रंगवण्याच्या दोन खेपांमध्ये छटेचा किंचित फरक येतो आणि भरलेल्या जागेत तो पट्ट्यासारखा उठून दिसतो.

लडीतला दोरा सहापदरी असतो. 14च्या आयडाला दोन पदर घ्यायचे, 11ला तीन. इथे बहुतेक जण सहा पदरांतून दोन एकत्र खेचतात आणि गुंता होतो. त्याऐवजी असं करा. साधारण एक हात लांब, म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, दोरा कापा. वरचं टोक डाव्या चिमटीत सैल धरा आणि एकच पदर सरळ वर ओढा. बाकीचे पाच चिमटीखाली चुण्यांसारखे गोळा होतील. घाबरू नका, पदर पूर्ण निघाला की ते आपोआप सुटून सरळ होतात. मग दुसरा पदर तसाच काढा आणि दोन्ही शेजारी जुळवून सुईत ओवा. असे सुटे केलेले पदर कापडावर फुलून बसतात, फुलीखालून पांढरं डोकावत नाही.

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी. 14च्या कापडाला 24 नंबर चालतो, 18ला 26. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. धारदार शिवणाची सुई वापरली तर ती भोकात न जाता कापडाचे धागे चिरत जाते.

सुरुवातीला गाठ मारू नका. फ्रेममध्ये बसवल्यावर ती समोरून फुगवट्यासारखी दिसते. दोन पदरांसाठी सोपी युक्ती आहे. दुप्पट लांबीचा एकच पदर घ्या, दुमडा, दोन्ही सुटी टोकं नेढ्यातून काढा. मागे फास राहील. पहिला तिरपा टाका घालून सुई मागे आली की ती त्या फासातून काढा आणि हलकेच ओढा. दोरा पक्का बसतो, गाठ नाही. शेवटी मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवून दोरा कापायचा.

फुलीची दिशा आणि मोजणी

सगळ्या फुल्यांचा वरचा पाय एकाच दिशेला हवा. काही असे, काही तसे पडले की चकाकी तुटते आणि काम खरखरीत दिसतं, पण कारण पटकन लक्षात येत नाही. ओळ भरताना आधी सगळे अर्धे टाके एका दिशेने घालत जा, मग परत येताना फुल्या पूर्ण करा. काम बाजूला फिरवून धरायची सवय असेल तर कापडाच्या वरच्या कडेला रंगीत दोऱ्याचा एक टाका घाला, म्हणजे वरची बाजू कुठली ते कळेल. दोरा पीळ खाऊ लागला की सुई लोंबकळत सोडा, पीळ आपोआप उतरतो. टाका इतकाच ओढा की दोरा कापडावर टेकेल. भोक मोठं झालेलं दिसलं तर ओढ जास्त आहे.

मोजणीची चूक मात्र सगळ्यात महागात पडते. कोपऱ्यातून सुरुवात करू नका. कापडाची चौघडी घालून मध्य काढा, चार्टचा मध्य कडेच्या बाणांवरून मिळतो, आणि तिथून बाहेर जा. चार्टवर दर दहा घरांनी जाड रेघ असते. तशाच रेघा कापडावर धावदोऱ्याने किंवा पाण्याने जाणाऱ्या पेनने आखून घ्या. एक संध्याकाळ यात जाते, पण पुढे चूक झालीच तर दहा घरांच्या चौकोनातच सापडते. पेनच्या खुणा धुतल्याशिवाय इस्त्री लावू नका, उष्णतेने त्या पक्क्या होऊ शकतात.

चूक सापडली तर उसवायचं का? पानात एक फुली कमी-जास्त असेल तर राहू द्या, झाड तसंच असतं. चेहरा, अक्षरं आणि चौकट यांत मात्र दया नको. चौकट एका घराने सरकली तर शेवटी तिची टोकं जुळतच नाहीत. उसवताना दोरा खेचून काढू नका, सुईच्या नेढ्याच्या बाजूने एकेक टाका उचलत जा.

प्रवासात भरायचं असेल तर मोजणी घरी करा. बाह्यरेषेच्या फुल्या रात्री घालून ठेवल्या की सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये फक्त आतला रंग भरायचा राहतो, आणि तुर्भ्याला गर्दी झाली तरी हिशोब चुकत नाही. गडद निळा आणि काळा यांतली निवड मात्र दिवसाच्या उजेडातच करा.

एका रंगाच्या दोन ठिपक्यांत चार घरांपेक्षा जास्त अंतर असेल तर दोरा मागून ओढत नेऊ नका. गडद दोरा पांढऱ्या कापडातून समोर दिसतो.

दमट हवा, धुणं आणि फ्रेम

खाडीकाठच्या आपल्या हवेत सुई कापडात टोचून ठेवणं धोक्याचं. पावसाळ्यात तिला गंज धरतो आणि गंजाचा डाग धुऊन सहसा जात नाही. रिंगही रोज काढून ठेवा, नाहीतर तिचं मळकट वर्तुळ उमटतं. अर्धवट काम प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबण्यापेक्षा सुती कापडात गुंडाळून ठेवा.

धुताना थंड पाणी, सौम्य साबण, आणि चोळणं नाही. लाल किंवा गडद दोऱ्याचा रंग सुटलेला दिसला तर काम वाळू देऊ नका. वाहत्या थंड पाण्याखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धरून ठेवा. ओला डाग निघतो, वाळून इस्त्री फिरली की तो बसतोच. मग टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घ्या, पिळू नका. इस्त्री करताना जाड टॉवेलवर काम पालथं ठेवा, म्हणजे फुल्या चपट्या होत नाहीत.

फ्रेमवाल्याला दोन गोष्टी आधीच सांगा. कापड पुठ्ठ्याला गोंदाने चिकटवायचं नाही, मागून दोऱ्याने ताणून बांधायचं. आणि काच लावणार असाल तर मधे माउंट, म्हणजे कडेने पुठ्ठ्याची चौकट, घालून काच आणि फुल्या यांत अंतर ठेवायचं, कारण दमट दिवसांत काचेला टेकलेल्या कापडावर बुरशी धरते.