लॉकअपला हाताचं बटण

जुन्या ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टरचं लॉकअप लागेचना. कन्व्हर्टर इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देतो; लॉकअप म्हणजे दोघांना थेट जोडणारा त्यातला क्लच. वर्धा रोडवर बुटीबोरीपर्यंत टॉप गिअरमध्येही इंजिन उगाच चढ्या आरपीएमवर. कन्व्हर्टर सतत घसरला की गिअरबॉक्सचं तेल तापतं, त्यात नागपूरचा मे महिना!

मीटर लावला. लॉकअप लावणाऱ्या सोलेनॉइडची (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) कॉइल शाबूत, 12 व्होल्टही येत होते. गाडीचा कॉम्प्युटर अर्थिंगच देत नव्हता. नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. मग अर्थिंगची वायर कॉम्प्युटरकडून तोडली, ते टोक टेपने बंद केलं आणि सोलेनॉइडकडचं टोक डॅशबोर्डवरच्या टॉगल स्विचमधून बॉडीला दिलं.

प्लसची लाइन मात्र फ्यूज आणि ब्रेक स्विचमधूनच राहू दिली. ब्रेक दाबला की लॉकअप सुटलंच पाहिजे, नाहीतर सिग्नलला गाडी थांबताना इंजिन बंद पडणार. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "भाऊ, हे सोडून बाकी काहीही चुकलं तरी चालेल."

टॉप गिअर पडल्यावर, एकसारख्या वेगात बटण दाबतो. काटा टचकन खाली येतो. ओव्हरटेकच्या आधी बंद. पीडब्ल्यूएमवर (कॉम्प्युटर झपाट्याने चालू-बंद करून लॉकअप हळूहळू लावतो) चालणाऱ्या नव्या गिअरबॉक्सवर हा जुगाड करू नका.