हात खिशात ठेवायची नोकरी

मुलांबरोबर रानात हिंडायचं आणि वर त्याचे पैसे मिळवायचे, एवढीच माझी या कामाबद्दलची समजूत होती. पदवीनंतर एका निसर्गशिक्षण केंद्रात आधी स्वयंसेवक म्हणून गेले आणि मग तिथेच टिकले. शाळांचे वर्ग दोन-तीन दिवस मुक्कामाला येतात. ओढ्यातले किडे बघणं, नकाशा घेऊन वाट शोधणं, दोर लावून भिंत चढणं, रात्री दिव्याशिवाय चालणं, असा कार्यक्रम असतो. केंद्राला मालक नाही. आसपासच्या लोकांची समिती ते चालवते, वर्गणी आणि श्रमदानावर. या क्षेत्रात यायचं मनात असलेल्यांसाठी हे लिहितेय.

पहिल्या आठवड्यात मी भयंकर कामसू होते. कुणाची नाडी बांध, कुणाला दगडावरून हात देऊन उतरव, कुणाचा नकाशा सरळ करून दे. तिसऱ्या दिवशी आमच्या ज्येष्ठ ताई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हात खिशात घाल. खिसे नसतील तर शिवून घे." मला राग आला. मदतच तर करत होते ना मी?

राग उतरायला महिनाभर लागला. नकाशावाचनाच्या एका फेरीत सहा मुलांचा गट फाट्यावरून चुकीच्या वाटेला वळला. मी मागून चालत होते आणि मला ते कळलं होतं. जेमतेम दोन मिनिटं गप्प बसले असेन. मग अगदी निरागस आवाजात विचारलं, "ओढा कुठल्या हाताला असायला हवा होता बरं?" नकाशा धरलेल्या मुलीने तो सरळ माझ्या हातात दिला. "ताई, तुम्हाला माहितीये ना? मग तुम्हीच सांगा." त्यानंतर दिवसभर त्या गटातल्या कुणीही नकाशात डोकं घातलं नाही. पुढच्या गटाच्या वेळी मी दात-ओठ आवळून गप्प राहिले. ती मुलं तब्बल चाळीस मिनिटं चुकीचं चालली, भांडली, एका दगडावर बसून पुन्हा भांडली, आणि मग त्यांच्यातल्याच एकाने नकाशा फिरवून उत्तर दिशा जुळवली. ती मुलं जेवायला उशिरा पोचली आणि जेवताना नकाशाशिवाय दुसरं काही बोलत नव्हती.

तेव्हापासून मी एकच हिशेब करते. ही चूक मुलांना किती महाग पडेल? दमणूक, ओले मोजे, उशिरा जेवण एवढीच किंमत असेल तर तोंड बंद. हाड मोडू शकत असेल तर चूक होण्याआधीच थांबवायचं, आणि तेव्हा गोड आवाजाची गरज नाही. या दोहोंमधली रेषा ओळखणं हे या कामातलं खरं कसब. ते कुठल्याच प्रशिक्षणवर्गात पूर्ण शिकता येत नाही.

दुसरं कसब मोजणीचं. हसू नका. एकदा ओढ्यावरून निघताना मी डोकी मोजली, एकतीस भरली, आणि आम्ही निघालो. पन्नास पावलांवर एक मुलगा रडवेला होऊन म्हणाला, माझा जोडीदार कुठाय? तो झाडामागे लघवीला गेलेला होता. मग माझे एकतीस कसे भरले? आमचा अठरा वर्षांचा बुटका स्वयंसेवक मुलांसारखीच टोपी घालून मध्ये उभा होता आणि मी त्यालाही धरला होता. त्यात सगळा दोष माझाच. आता मी चालत्या मुलांना मोजत नाही. जोड्या उभ्या करून प्रत्येकाला "तुझा जोडीदार आहे का?" असं विचारते आणि मग आकडा शिक्षकांच्या आकड्याशी ताडून बघते. पाण्याजवळ जाताना आणि पाण्यावरून निघताना मोजणी दोनदा, दोन वेगळ्या माणसांनी.

विजेचा नियम पाठच करा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर वादळ साधारण दहा किलोमीटरच्या आत आहे. आवाजाला एक किलोमीटर कापायला सुमारे तीन सेकंद लागतात, त्यावरून हे निघतं. मग सगळं सोडून पक्क्या इमारतीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर पडायचं नाही. सव्विसाव्या मिनिटाला पुन्हा गडगडलं तर घड्याळ शून्यापासून. भिंतीवर चढायला चौथ्या नंबरावर उभं असलेलं मूल तेव्हा तुमच्याकडे ज्या नजरेने बघतं, ती नजर सोसायची तयारी ठेवा.

आता लोकवर्गणीच्या केंद्राची खास डोकेदुखी. लोक प्रेमाने वस्तू देतात. समितीतल्या एका काकांनी एक सुरेख, जवळजवळ कोरा दोर आणून दिला. ताईंनी त्यांचे मनापासून आभार मानले आणि त्यांच्यादेखतच तो कापून दोन-दोन मीटरचे तुकडे केले. काका दोन महिने केंद्राकडे फिरकले नाहीत. पण ताईंचं बरोबर होतं. तो दोर कुठे पडून होता, त्यावर कुणी किती जोराने पडलं होतं, तो गाडीच्या बॅटरीशेजारी ठेवला होता का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. बॅटरीतलं आम्ल नायलॉनला आतून खातं आणि वरून काही दिसत नाही. शिवाय बहुतेक उत्पादक न वापरलेला दोरही दहा वर्षांनंतर बाद करायला सांगतात. प्रत्येक दोराची खरेदीपासूनची नोंद वहीत हवी, आणि नोंद नसलेल्या दोरावर मूल चढणार नाही. ते तुकडे आजही आमच्याकडे इंग्रजी आठच्या (8) आकाराची गाठ शिकवायला वापरतात. फक्त हे काकांना आधी चहाला बोलावून सांगायला हवं होतं, असं माझं मत. अशा केंद्रात दोराइतकंच माणसांनाही सांभाळावं लागतं, आणि समितीच्या बैठकीत बसून ऐकणं हाही कामाचाच भाग आहे.

थोडा इतिहास माहीत असावा. बर्लिनजवळच्या शार्लोटेनबुर्गमध्ये १९०४ साली अशक्त, आजारी मुलांसाठी जंगलात शाळा सुरू झाली. तिथे हेतू आरोग्याचा होता. १९४१ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरडोवी इथे शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान आणि जहाजमालक लॉरेन्स होल्ट यांनी साहसातून शिकवणाऱ्या 'आउटवर्ड बाउंड' संस्थेची पहिली शाळा काढली. बुडालेल्या जहाजांवरचे तरुण खलाशी वयस्कांच्या आधी हिंमत हरतात, ही होल्ट यांची चिंता होती. म्हणून तिथे भर अंगबळापेक्षा चिकाटीवर होता. पुढे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं: करा, त्याकडे मागे वळून बघा, त्यातून काही सूत्र काढा, पुन्हा करून बघा. आमच्याकडे घाई नेहमी दुसऱ्या पायरीवर होते. संध्याकाळी गोल बसल्यावर "मजा आली का?" असं विचारलं की "हो" एवढंच येतं. त्याऐवजी "फाट्यावर कोण काय म्हणालं होतं?" असं विचारा आणि शांतता पडली तर ती तशीच राहू द्या.

शिक्षण कुठलंही चालतं. मी इतिहासाची पदवीधर आहे. प्रथमोपचाराचं मात्र रानासाठीचं खास प्रशिक्षण घ्या. साधारण सोळा तासांचा प्राथमिक वर्ग असतो, आणि गटप्रमुख व्हायचं असेल तर त्यापुढचा सत्तर-ऐंशी तासांचा. पैशांबद्दल स्पष्टच सांगते: काम हंगामी आहे, शाळांना सुट्टी लागली की तुमचे हात रिकामे. वर्षभराचा हिशेब मांडूनच या.

मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही प्रश्न विचारा. मुलाबरोबर एकटं मोठं माणूस कधी राहू नये याची इथे काय व्यवस्था आहे? थोडक्यात टळलेल्या अपघातांची वही आहे का? ती दाखवायला मागा. वही कोरी असेल तर मी तिथे काम करणार नाही. आमच्या वहीत माझी टोपीवाली मोजणी अजून आहे, तारखेसकट, आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला ताई ती मोठ्याने वाचायला लावतात. माझ्यासमोर.