कोपऱ्यातलं नाव आधी बघा

माझा कोपायलट, म्हणजे एक्सेल-वर्डमधला मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस, बिघडला तो चवथीच्या सुट्टीत. ऑफिसचा लॅपटॉप गावी नेला होता. माटोळीपासून (गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची आरास) भटजींच्या दक्षिणेपर्यंत घराण्याच्या गणपतीचा सगळा खर्च एक्सेलमध्ये मांडायचा होता आणि चुलतभावाने मला त्याच्या मायक्रोसॉफ्टच्या फॅमिली प्लॅनमध्ये घेतलेलं, म्हणून मी ऑफिसच्या खात्यातून बाहेर पडून घरच्या खात्याने साइन इन केलं. हिशोब झाला, वर्गणी वाटून झाली, गणपती गेले. खातं तसंच राहिलं. पुढच्या आठवड्यात म्हापशाला ऑफिसात हॉटेलवाले क्लायंट समोर बसलेले, मी कोपायलटला दोन महिन्यांच्या भरलेल्या खोल्यांचा गोषवारा मागितला, तर एरर. काहीतरी चुकलं, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.

केले प्रयत्न. एक्सेल पंधरा वेळा बंद-चालू केलं, राउटरची वायर काढून परत खोचली, शेवटी हुशारी सुचून मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा ऑनलाइन रिपेअर, म्हणजे नेटवरून करायची दुरुस्ती, लावला. तो निम्म्यावर असताना वीज गेली, राउटर बसला, आणि मग कोपायलटच काय, एक्सेलही उघडेना. शुक्रवार, बाजाराचा दिवस, त्यात पाऊस. कुणाला बोलवायचं म्हटलं तरी गाडी लावायला जागा नाही. क्लायंट चहा पिऊन गेले. आयटीच्या पोराला फोन लावला तर त्याचा पहिला प्रश्न, "बाय, वयर कोणाचें नांव दिसता तें पळय."

माझं घरचं नाव दिसत होतं.

तर एरर आली की काहीही करण्याआधी कोपऱ्यातलं नाव. एक्सेल, वर्ड, पॉवरपॉइंट, सगळीकडे वर उजव्या हाताला गोल चित्र किंवा आद्याक्षरं असतात. त्यावर क्लिक करून पूर्ण ईमेल वाचा, कारण आद्याक्षरं घरच्या आणि ऑफिसच्या खात्याची सारखीच असणार, माणूस एकच आहे. ब्राउझरमध्ये काम करत असाल तर तिथलंही बघा. खाली घड्याळाजवळ वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन फाइल-कपाटाचा, ढग असतो: निळा म्हणजे ऑफिसचं खातं, पांढरा म्हणजे घरचं. माझा पांढरा होता. तीन तास डोळ्यांसमोर होता. फॅमिली प्लॅनमध्ये कोपायलट फक्त प्लॅन घेणाऱ्याला मिळतो, त्याने जोडलेल्या बाकीच्या पाच जणांना नाही, म्हणजे मी वर्षभर बटण दाबत बसले असते तरी काही होणार नव्हतं. आणि ज्यांचा ऑफिसचा ईमेल फार जुना आहे त्यांनी जास्त जपावं. 2016 पर्यंत कंपनीच्या ईमेलवरही घरगुती मायक्रोसॉफ्ट खातं काढता येत होतं, त्यामुळे काहींच्या एकाच पत्त्यावर दोन खाती आहेत. साइन इन करताना 'ऑफिसचं की घरचं' असं विचारलं जातं आणि आपण घाईत दिसेल ते दाबतो. तिथे थांबा. वाचा.

दुसरी तयारी संदेशाची. एररची चौकट बंद करण्याआधी तिचा फोटो काढा. विंडोज, शिफ्ट आणि एस एकत्र दाबलं की स्क्रीनचा हवा तेवढा तुकडा कापता येतो. खाली बारीक अक्षरांत सेशनचा किंवा रिक्वेस्टचा लांबलचक क्रमांक असेल तर तो कॉपी करा, सोबत वेळ लिहा. 'सकाळी केव्हातरी' ही वेळ नव्हे. फोटोत क्लायंटचा जीएसटी क्रमांक, पाहुण्यांची नावं येत असतील तर ती झाकून मगच पाठवा. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर टाकूच नका. आणि कृपा करून कोपायलटलाच विचारू नका की बाबा तू का चालत नाहीस. त्याला स्वतःच्या लायसन्सची किंवा सर्व्हरची नोंद दिसत नाही, तरी तो छान पाच मुद्द्यांत कारणं देतो. मी ती पाचही करून पाहिली.

संदेशात आकडा असेल तर काम सोपं. 401 म्हणजे तुम्ही कोण ते पटलेलं नाही, 403 म्हणजे पटलंय पण परवानगी नाही. दोन्ही वेळेला परत कोपऱ्यातलं नाव बघा. 429 म्हणजे थोड्या वेळात फार विनंत्या गेल्या. पुन्हा पुन्हा दाबून त्या आणखी वाढतात, तेव्हा हात मागे घ्या आणि चहा प्या. 500 आणि 503 त्यांच्या बाजूचे. तुमचा लॅपटॉप निर्दोष आहे, त्याला मारू नका. मायक्रोसॉफ्टचं सेवा-स्थितीचं पान असतं, आणि ऑफिसच्या अॅडमिनला त्याच्या पॅनेलवर त्याहून बारीक तपशील दिसतो, तो त्याला बघायला सांगा. आकडा नसून 'या विषयावर बोलू शकत नाही' असं काही आलं तर ती एरर नाहीच, नकार आहे. प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारा.

आता फाइल. इथे जरा वेळ घालवणार आहे, कारण आमच्याकडे येणाऱ्या हॉटेलांच्या शीट बघितल्या की मला कोपायलटचीच दया येते. पहिली ओळ हॉटेलचं नाव, मर्ज केलेली, म्हणजे बऱ्याच चौकटी जोडून एक केलेली. दुसरी ओळ महिना, तीही मर्ज, वर पिवळा रंग. तिसरी रिकामी. चौथीत रकान्यांची नावं, त्यात 'रक्कम' दोनदा. दर आठवड्यानंतर मध्येच बेरीज, आणि शेवटी मॅनेजरची टीप, 'वरील दोन खोल्या कॉम्प्लिमेंटरी'. माणसाला हे कळतं. यंत्राला एकच शीर्षक-ओळ लागते, प्रत्येक रकान्याचं नाव वेगळं, कुठलंही शीर्षक रिकामं नाही, मध्ये मोकळ्या ओळी नाहीत, मर्ज नाही, मधल्या बेरजा नाहीत. तेवढं साफ करून कंट्रोल-टी दाबा, टेबल होतं. जुन्या संगणकावरून आलेली एक्सएलएस फाइल असेल तर आधी एक्सएलएसएक्समध्ये सेव्ह करा. मग ती वनड्राइव्हवर किंवा शेअरपॉइंटवर (ऑफिसचं सामायिक फाइल-कपाट) ठेवा आणि वर डाव्या बाजूचं ऑटोसेव्ह चालू आहे का बघा. ईमेलमधून डाउनलोड्समध्ये पडलेली फाइल तिथूनच उघडली तर कोपायलट अडून बसतो, ही आमच्या ऑफिसातली नेहमीची कथा. आणि वनड्राइव्हवर ठेवताना कुणाच्या वनड्राइव्हवर ठेवताय? निळा ढग की पांढरा? फाइल एका खात्यात आणि लायसन्स दुसऱ्यात असा संसार चालत नाही.

फाइलला संरक्षण लावलेलं असेल, म्हणजे 'गोपनीय' असं लेबल आणि त्यासोबत मजकूर काढण्याची मनाई, तर तुम्हाला ती वाचता येते पण कोपायलटला येत नाही. ते बिघडलेलं नाही, तसंच ठरवलेलं आहे. ज्याने लेबल लावलं त्याच्याशी बोला.

लायसन्स. ते ऑफिसने तुमच्या नावावर चढवलंय का, हे अॅडमिनला विचारा; चढवल्यावर बटण दिसायला एखादा दिवसही लागू शकतो. चढवलंय आणि तरी दिसत नसेल तर फाइल मेनूत अकाउंट, तिथे अपडेट लायसन्स दाबा, मग सगळे प्रोग्राम बंद करून उघडा. त्याच पानावर खात्याचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. होय, परत तेच सांगतेय. त्याच पानावर अकाउंट प्रायव्हसीमध्ये 'कनेक्टेड एक्स्पीरियन्सेस', म्हणजे इंटरनेटवरून चालणाऱ्या सोयी, आहेत, त्यातलं मजकूर तपासणारं कुणी बंद करून ठेवलं असेल तर कोपायलटची सोयच उडते. आमच्या इथे एकाने 'माझा डेटा कशाला द्यायचा' म्हणून बंद केलं आणि मग चार दिवस तक्रार केली. चालू केल्यावर प्रोग्राम पुन्हा उघडायला विसरू नका.

नेटवर्कसाठी माझी एकच चाचणी: मोबाइलचा हॉटस्पॉट. हॉटस्पॉटवर चाललं आणि ऑफिसच्या वायफायवर नाही, तर ऑफिसच्या नेटवर्कचा राखणदार, म्हणजे फायरवॉल किंवा प्रॉक्सी, आडवा आलाय. कोपायलटला वेबसॉकेट, म्हणजे सतत उघडी राहणारी, जोडणी लागते. बाकी वेबसाइटी धडाधड उघडत असल्या तरी ती अडवलेली असू शकते. 'वेबसॉकेट' हा शब्द आयटीवाल्याला सांगा, तो पुढचं करेल. लॅपटॉपचं तारीख-वेळ चुकलं असेल तरी साइन इन फसतं. बॅटरी पार उतरलेल्या जुन्या यंत्रांवर हे होतं.

मग ब्राउझरची चाचणी. तीच फाइल ब्राउझरमध्ये उघडा, खाजगी खिडकीत नको, तिथे बाहेरच्या कुकीज अडतात आणि नवीनच भानगड होते. ब्राउझरमध्ये चालतंय, लॅपटॉपवरच्या एक्सेलमध्ये नाही, तर एक्सेल अपडेट करा, साइन आउट करून साइन इन करा. कुठल्या खात्याने, ते आता मी लिहिणार नाही.

रिपेअर अगदी शेवटी. आधी क्विक, त्याला इंटरनेटही लागत नाही. ऑनलाइन रिपेअर म्हणजे जवळजवळ सगळं काढून पुन्हा बसवणं. तो पावसाळ्यात दुपारी लावू नका, राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर मुळीच लावू नका, आणि क्लायंट समोर असताना लावणाऱ्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

टीम्स: मीटिंग संपल्यावर गोषवारा हवा तर ट्रान्स्क्रिप्शन, म्हणजे बोलण्याची लेखी नोंद, मीटिंगमध्येच चालू करा, नंतर काही होत नाही. आउटलुक: नाव बघा. पॉवरपॉइंट: नाव बघा.

एवढं करून चालत नसेल तर फोन लावा. फोटो, वेळ, क्रमांक, हॉटस्पॉटवर काय झालं आणि ब्राउझरमध्ये काय झालं हे हाताशी ठेवा, नाहीतर तो तेच करायला लावून अर्ध्या तासाने परत फोन करा म्हणेल. आमचा पोरगा अजूनही हॅलोच्या आधी नाव विचारतो.

चवथीचा खर्च येत्या वर्षी वहीत लिहायचा, असं मी घरी सांगून ठेवलंय. चुलतभाऊ म्हणतो, वही कुणाच्या नावाची?