कुंपण भक्कम, फाटक ढिलं: शहरात आंतरराष्ट्रीय सुरक्षा परिषद भरवताना या चुका टाळा

परिषद आपल्या शहरात होणार हे कळलं की नवखे आयोजक आधी कुंपणाची निविदा काढतात. किती लांब, किती उंच, यावर बैठकांमागून बैठका होतात. फाटकावर कोण उभं राहणार आणि त्याच्या हातात कोणता कागद असणार, हा विषय निघतो शेवटच्या पंधरवड्यात. गडबड होते ती तिथेच.

ताफा दिसला की फाटक उघडणं

सप्टेंबर 2007 मध्ये सिडनीत एपेक या आशिया-पॅसिफिक देशांच्या आर्थिक सहकार्य गटाची परिषद होती. ती अर्थकारणाची असली, तरी बंदोबस्ताचा धडा सगळ्याच परिषदांना लागू पडतो. शहराच्या मध्यभागी सुमारे 5 किलोमीटरचं कुंपण घातलेलं होतं. 6 सप्टेंबरला एका विनोदी टीव्ही कार्यक्रमाच्या चमूने भाड्याच्या काळ्या गाड्यांवर कॅनडाचे झेंडे लावले, पुढे मोटरसायकली ठेवल्या आणि खोटा ताफा काढला. ही ओळखपत्रं खरी नाहीत, असं त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रांवरच छापलेलं होतं. तरी दोन नाके पार झाले. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश उतरले होते त्या इंटरकॉन्टिनेंटल हॉटेलजवळ बिन लादेनच्या वेशातला माणूस गाडीतून उतरला, तेव्हा कुठे पोलिसांच्या लक्षात आलं. 11 जणांवर गुन्हे दाखल झाले आणि पुढच्या वर्षी मागेही घेतले गेले.

नाक्यावरच्या शिपायाला दोष देऊन काही साधत नाही. एखाद्या पंतप्रधानाचा ताफा अडवला तर आपलं काय होईल, ही भीती त्याच्या मनात असते. ती काढायची तर त्याला लेखी आधार द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक फाटकावर ताफ्यांची छापील यादी हवी: देश, गाड्यांची संख्या, क्रमांक, येण्याची वेळ, सोबतच्या संपर्क अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाइल. गाड्या मोजायच्या. पाचच्या जागी सहा दिसल्या तर सहावी बाजूला. ताफा निघाला की नियंत्रण कक्षाने फाटकाला वायरलेसवर कळवायचं. कळवलेलं नसेल तर थांबवायचं. ‘यादीत नसलेला ताफा थांबवणाऱ्याच्या पाठीशी आम्ही आहोत’ असा आदेश वरिष्ठाच्या सहीने त्याच यादीला जोडायचा. यादी फक्त टॅबवर ठेवू नका. भर उन्हात पडदा दिसत नाही आणि नेट ऐन वेळी दगा देतं.

फाटकाच्या अलीकडे गाडी वळवायला जागा ठेवा. ती नसेल तर परत पाठवायची गाडी वळण्यासाठी आतच घ्यावी लागते, मग तपासणीला अर्थ काय?

नियम अर्धवट सांगणं

टोरांटो, जून 2010, जी-20. कुंपणाच्या बाहेर 5 मीटरच्या आत आलेल्या कोणालाही पोलीस ओळखपत्र मागू शकतात, झडती घेऊ शकतात, असा समज शहरभर पसरला. नियम प्रत्यक्षात कुंपणाच्या आतल्या भागापुरता होता. पोलीसप्रमुखांनी हा समज वेळेवर दूर केला नाही. असा 5 मीटरचा नियम नव्हताच, हे परिषद संपल्यावर मान्य झालं. तोवर लोकांच्या झडत्या होऊन गेल्या होत्या. 27 जूनच्या संध्याकाळी क्वीन आणि स्पाडायना रस्त्यांच्या चौकात पोलिसांनी जमावाला चहूबाजूंनी घेरलं आणि भर पावसात कित्येक तास उभं ठेवलं. त्यात वाटेने जाणारेही अडकले. त्या शनिवार-रविवारी 1,100 हून अधिक लोकांना अटक झाली. 2020 मध्ये सामूहिक दाव्यात 1 कोटी 65 लाख कॅनेडियन डॉलरची तडजोड करावी लागली.

घेराव हा झटपट उपाय वाटतो, म्हणूनच तो धोक्याचा. बाहेर पडायची वाट कुठे आहे हे ध्वनिक्षेपकावर पुन्हा पुन्हा सांगा आणि ती वाट खरोखर उघडी ठेवा. निर्बंधांचा मजकूर एका पानावर, नकाशासह, किमान महिनाभर आधी छापा. बंदोबस्तावरच्या प्रत्येकाच्या खिशात तेच पान हवं. बाहेरगावहून आलेल्या तुकडीला ना गल्ल्या माहीत असतात, ना स्थानिक आदेश.

रहिवाशांना शेवटी आठवणं

जून 2025 ची नाटो परिषद नेदरलँड्समधल्या हेगच्या वर्ल्ड फोरम या सभागृहात झाली. आसपास लोकवस्ती, शेजारी युरोपोल या युरोपीय संघाच्या पोलीस संस्थेचं मुख्यालय. देशभरातले सुमारे 27,000 पोलीस कामाला लावले होते. अशा ठिकाणी नुसती घरमालकांची यादी पुरत नाही. भाडेकरू, घरी येणारी परिचारिका, कामवाल्या बाई, डबेवाला, लिफ्ट दुरुस्त करणारा, सगळ्यांचे पास लागतात. रुग्णवाहिकेसाठी एक फाटक वेगळं ठेवा आणि तिथे खांब किंवा काँक्रीटचे ठोकळे लावू नका.

फक्त परिषदस्थळ राखणं

हेगच्या परिषदेच्या पहिल्याच दिवशी सकाळी ॲम्स्टरडॅमजवळ रेल्वेच्या केबल जळाल्या आणि स्किपोल विमानतळाकडची रेल्वेसेवा कोलमडली. त्याच सुमारास डच नगरपालिकांची संकेतस्थळं बंद पाडण्यासाठी त्यांवर खोट्या विनंत्यांचा भडिमार झाला. रेल्वे, वीज आणि पालिकेच्या संगणक विभागाचा माणूस नियंत्रण कक्षात प्रत्यक्ष बसलेला हवा. ‘फोनवर उपलब्ध आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका.

थोडक्यात आणखी काही. जॅमर (रेडिओ-मोबाइलचे संदेश अडवणारं यंत्र) लावण्याआधी स्वतःचे वायरलेस संच त्यात बंद पडतात का ते तपासा. मालाचे ट्रक फाटकावर नको, दूरच्या आवारात तपासून क्रमांकित सील लावून आणा. हवाई संरक्षण शहराच्या आवाक्यात नसेल तर मागून घ्या: 2023 मध्ये लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियसमधल्या नाटो परिषदेसाठी जर्मनीने पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा पाठवली होती.

रंगीत तालीम रविवारी पहाटे करू नका. ऑक्टोबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्र सुरक्षा परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीची बैठक मुंबईत ताजमहाल हॉटेलमध्ये झाली, ती शुक्रवारी, म्हणजे कामाच्या दिवशी. कुलाब्याची कामाच्या दिवसातली गर्दी पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर कळत नाही. त्याच वारी, त्याच वेळेला, तेवढ्याच गाड्या घेऊन पूर्ण मार्ग दोनदा फिरा. दुसऱ्या फेरीत एक गाडी मुद्दाम बंद पाडा आणि ती बाजूला काढायला क्रेनला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा.