नशा-तपासणीची जबाबदारी सोपवताना या चुका टाळा

पहाटेचे पाच. पुण्यातल्या एका डेपोच्या गेटवर चालकांची श्वास-तपासणी चालू होती. पन्नाशीतले एक चालक, गळ्यात तुळशीची माळ, मशीनमध्ये फुंकले आणि आकडा आला 22, म्हणजे 100 मिलिलिटर रक्तामागे 22 मिलिग्रॅम मद्यार्क. तपासणाऱ्याने तिथल्या तिथे रजिस्टरमध्ये 'मद्यप्राशन' लिहून टाकलं. "साहेब, मी माळकरी आहे हो," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. मागे रांगेत वीसेक जण उभे होते. अर्ध्या तासाने मी पोचले. विचारल्यावर कळलं, खोकला उठला म्हणून गेटबाहेरच त्यांनी दोन झाकणं द्राक्षासव घेतलं होतं. पुन्हा फुंकायला सांगितलं, तर शून्य. नोंद खोडता आली, पण रांगेतल्या वीस जणांनी पाहिलेलं कसं खोडणार?

मशीन बिघडलेलं नव्हतं. आसव आणि अरिष्टं आंबवून करतात, त्यात मद्यार्क असतो. तो काही मिनिटं तोंडात रेंगाळतो आणि मशीन त्यालाच श्वासातला मद्यार्क समजतं. म्हणून पहिला आकडा आल्यावर काही खाऊ-पिऊ न देता किमान 15 मिनिटं थांबायचं आणि मग दुसरी चाचणी घ्यायची. हे त्या तपासणाऱ्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मशीन घेताना निविदा निघाली, तीन कोटेशनं आली. माणूस नेमताना मात्र 'सध्या मोकळं कोण आहे?' एवढंच विचारलं गेलं.

सरकारी आस्थापनांत कामगार कल्याणाचं काम करताना सगळ्यात महाग पडलेली चूक मला हीच वाटते.

'कडक माणूस द्या'

बहुतेक ठिकाणी हे काम सुरक्षा विभागाकडे जातं, कारण तिथली माणसं दरारा राखतात. पण या कामाला दरारा फारसा उपयोगी पडत नाही. नमुना कसा घ्यायचा, कुठला अहवाल कच्चा (झटपट किटचा) आणि कुठला पक्का (प्रयोगशाळेतल्या खातरजमेच्या चाचणीचा), सेवानियम काय म्हणतात, व्यसन हा आजार कसा वाढतो आणि कुणाची गोष्ट कुणाला सांगायची नाही, हे ज्याला कळतं तो माणूस हवा. एकाच पदवीत हे सगळं मिळत नाही. समाजकार्यात किंवा मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला आणि व्यसनमुक्ती केंद्रात काही काळ प्रत्यक्ष काम केलेला उमेदवार मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. कायदा आणि तपासणीची पद्धत त्याला शिकवता येते. माणसाशी बोलायचं कसं, हे नेमणुकीनंतर शिकवणं फार अवघड जातं.

सगळं एकाच्या हातात

नमुना घेणारा, अहवालाचा अर्थ लावणारा आणि कारवाई ठरवणारा एकच असेल, तर ती तपासणी टिकत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 15 सप्टेंबर 1986 रोजी आदेश 12564 काढून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी नशा-तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. पुढे 1988 मध्ये त्याची तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यातली एक गोष्ट आपण जशीच्या तशी उचलावी अशी आहे. प्रयोगशाळेचा अहवाल थेट वरिष्ठांकडे जात नाही, तो आधी एका प्रशिक्षित डॉक्टरकडे जातो. डॉक्टर कर्मचाऱ्याशी बोलतो, कोणती औषधं चालू आहेत ते विचारतो, आणि मगच निकाल कार्यालयाला कळवतो.

हा डॉक्टर का लागतो, ते आपल्या स्वयंपाकघरातच दिसतं. दिवाळीत अनारशांवर खसखस असते. खसखस अफूच्याच बोंडातून येते आणि तिच्यात मॉर्फिनचा अंश असू शकतो. याच कारणाने अमेरिकेत 1998 मध्ये अफूजन्य पदार्थांची लघवीच्या पहिल्या चाचणीतली मर्यादा मिलिलिटरमागे 300 नॅनोग्रॅमवरून 2000 वर नेली. इथे पक्की चाचणीही सुटका करत नाही, कारण लघवीत मॉर्फिन खरोखरच असतं. कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचंही तसंच. तिथे चिठ्ठी बघणारा डॉक्टरच निवाडा करू शकतो. पित्तावरच्या रॅनिटिडिनची गोष्ट वेगळी. ती झटपट किटमध्ये कधीकधी ॲम्फेटामाइनसारखी दिसते, पण गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे नेमका पदार्थ ओळखणाऱ्या पक्क्या चाचणीत तो घोळ निस्तरतो. म्हणून किटवर रेघ दिसली की निलंबनाचा कागद टाइप करायला घेऊ नका.

भांगेचा पेच आणखी निराळा. अमली पदार्थविषयक 1985 च्या कायद्यात गांजा आणि चरस येतात, भांग ज्यांची करतात ती नुसती पानं येत नाहीत. लघवीच्या चाचणीला मात्र भांग आणि गांजा सारखेच, आणि शिवरात्रीला घेतलेल्याची खूण पुढे काही दिवस राहते. तुमच्या परिपत्रकात याबद्दल काय लिहिलंय ते आधी पाहा. बहुतेक ठिकाणी काहीच लिहिलेलं नसतं.

बाटलीवर नाव नंतर टाकू म्हणणं

लघवीचा नमुना दिल्यापासून 4 मिनिटांत त्याचं तापमान मोजायचं. ते 32 ते 38 अंश सेल्सिअस असायला हवं. मग नमुना दोन बाटल्यांत विभागायचा, कर्मचाऱ्यासमोर सील करायचा आणि सीलवर त्याची सही घ्यायची. फेरतपासणी मागितली तर दुसरी बाटली कामी येते. जेवणाच्या डब्यांच्या फ्रिजमध्ये बिननावाच्या बाटल्या ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. ते अहवाल चौकशीत पाच मिनिटंही टिकणार नाहीत.

गुन्हा आणि गैरवर्तन एकच समजणं

मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 मधली मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम मद्यार्क अशी आहे. ती गुन्ह्यासाठी. ड्युटीवर शून्यच हवं असेल तर तसा नियम आधी लेखी करा, मराठीत वाचून दाखवा, सह्या घ्या. नंतर शोधलेला नियम चौकशी अधिकाऱ्यापुढे उभा राहत नाही.

तपासलं म्हणजे काम झालं

रेगन यांचा आदेश निघाला त्याच 1986 साली आपल्या पुण्यात डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. पकडण्याच्या आधी माणसाला जायला जागा हवी, ती या शहरात इतकी वर्षं आहे. तरीही उपचारांसाठी आपणहून रजा मागणाऱ्याच्या अर्जावर 'कारण स्पष्ट करा' असा शेरा मी वाचला आहे. त्यानंतर त्या विभागातून दुसरा अर्ज आला नाही. 1985 च्या कायद्याचं कलम 64 अ स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला ठरावीक गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देतं, आणि 2017 चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनातून आलेल्या मानसिक त्रासालाही आजारातच धरतो. तपासणीच्या प्रमुखाला हे तोंडपाठ हवं. 14446 हा व्यसनमुक्तीचा मोफत हेल्पलाइन क्रमांक नोटीस बोर्डाबरोबर पगाराच्या पावतीवरही छापावा. पावती घरी जाते आणि फोन बरेचदा घरची माणसंच करतात.

निवड समितीवर बसले की आता मी उमेदवाराला एक प्रश्न हमखास विचारते: पहाटे गेटवर पहिल्या फुंकेत 22 आले, पुढची 15 मिनिटं तुम्ही काय कराल? बरेच जण फोन कुणाला लावू, रिपोर्ट कसा लिहू ते सांगतात. मागच्या खेपेला एकीने मला उलट विचारलं, "मॅडम, रांगेपासून बाजूला त्यांना बसवायला खोली आहे का?" तिलाच घेतलं.